मदत हवी आहे: मराठी-कन्नड मिश्र गटाला व्याजाचा हिशेब शिकवायचाय, बायका "हो" पलीकडे बोलत नाहीत

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. तालुक्यातल्या बचत गटांत हिशेब लिहिणाऱ्या ३२ बायकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण जुलैअखेर घ्यायचं आहे. अंदाजे २० जणी घरी मराठी बोलणाऱ्या, १२ कन्नड. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या पाच-सहा. विषय एकच: गटातून दिलेल्या कर्जावर घटत्या मुद्दलाचं (म्हणजे दर महिन्याला फेडायचं उरलेल्या मुद्दलावरच) व्याज कसं काढायचं. हॉल पत्र्याचा आहे, वीज कधीही जाते.

आतापर्यंतची पद्धत म्हणजे एक वाक्य मराठीत, तेच कन्नडमध्ये. त्यामुळं ९० मिनिटांचा विषय अर्ध्यावर राहतो. "समजलं का?" म्हटलं की "हो", "तिळीतेन्री?" म्हटलं की "हौद्री". वही उघडली की बाराही महिने तेच व्याज लिहिलेलं. पुढं बसलेल्या तिघी सगळी उत्तरं देतात, कन्नड बोलणाऱ्या भिंतीला टेकून बसतात. बोलण्याच्या पद्धतीत काय बदलायला हवं?

तंबाखूपट्टा (निपाणी)

आधी वेळेचं गणित मांडा. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचं तर ९० मिनिटांत मजकूर ४५ मिनिटांचाच बसतो. शिवाय तुम्ही कन्नडमध्ये बोलत असता तेव्हा मराठी बायकांचं लक्ष सुटतं आणि उलटंही तसंच. म्हणून वाक्यागणिक भाषांतर बंद करा. चार-पाच मिनिटांचा एक तुकडा एका भाषेत पूर्ण सांगा. दुसऱ्या भाषेत त्याचा फक्त गाभा, दीड मिनिटात, आणि तोही तुम्ही सांगू नका. दोन्ही भाषा येणाऱ्या अक्कांपैकी एकीला सांगायला लावा. ती कुठं अडखळते त्यावरून तुमचं सांगणं कुठं कच्चं होतं ते तिथंच कळतं. पुढचा तुकडा कन्नडमधून सुरू करा. नेहमी मराठी आधी आली की कन्नड बायका आपण दुय्यम आहोत असं धरून बसतात, आणि भिंतीला टेकणं तिथूनच सुरू होतं.

शब्द आधी ठरवून घ्या. कन्नडमध्ये "साल" म्हणजे कर्ज, आपल्याकडं साल म्हणजे वर्ष. "१२ कंतू (हप्ते), साल ६०००" असं कानावर पडलं की मराठी बाई वर्ष मोजायला लागते. "अनुमान इद्या?" म्हणजे शंका आहे का, मराठी कानाला तो अंदाज वाटतो. "जमा" आणि "खर्च" मात्र दोन्हीकडं चालतात, त्यांचा आधार घ्या. भिंतीवर एक मोठा कागद कायम लावून ठेवा: कर्ज–साल, व्याज–बड्डी, मुद्दल–असलु, हप्ता–कंतू, बचत–उळिताय. डावीकडं देवनागरी, उजवीकडं कन्नड लिपी.

कागदावर अक्षर निदान ४ ते ५ सेंमी उंच हवं, एका कागदावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नकोत. कन्नड ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं) ओळीखाली उतरतात, आपल्या मात्रा ओळीवर चढतात. ओळींत जागा सोडली नाही तर मागून दोन्ही लिप्या एकमेकींत मिसळतात. काळा नाहीतर निळा मार्कर घ्या, लाल फक्त अधोरेखनाला. पिवळा आणि पोपटी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत. आकडे मोबाईलवर असतात तसेच, इंग्रजी, दोघींनाही वाचता येतात. लिहिताना बोलू नका: पाठ गटाकडं, आवाज भिंतीकडं, त्यात वर पत्रा.

शहापूरचा कट्टा (बेळगाव)

"समजलं का?" हा प्रश्नच टाका. त्याला "नाही" म्हणणं चारचौघींत लाजिरवाणं, म्हणून "हो" येणारच. आकडा मागणारा प्रश्न विचारा: "तिसऱ्या महिन्याचा हप्ता किती?" विचारून झाल्यावर तोंड मिटून मनात पाचपर्यंत मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांच्या ध्वनिफितींवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचार करून येतात. दोन भाषांच्या गटात ही मोजणी दुसऱ्या भाषेतला प्रश्न संपल्यावर सुरू करायची. नाहीतर कन्नड बायकांना प्रश्न कळेपर्यंत पुढच्या तिघींचं उत्तर देऊन झालेलं असतं.

आता मूळ विषय. घटतं व्याज बोलून समजावू नका, चिंचोक्यांवर दाखवा. ६००० रुपये कर्ज, १२ हप्ते, महिना १ टक्का. एक चिंचोका म्हणजे ५०० रुपये, म्हणजे सतरंजीवर १२ चिंचोके. ५०० चं एका महिन्याचं व्याज ५ रुपये. नियम एवढाच: सतरंजीवर आहेत तितके चिंचोके मोजा, पाचानं गुणा, ते या महिन्याचं व्याज, मग एक चिंचोका उचलून डब्यात टाका. पहिल्या महिन्याला ६०, हप्ता ५६०. दुसऱ्याला ५५, हप्ता ५५५. शेवटच्याला ५, हप्ता ५०५. वर्षाचं एकूण व्याज ३९०. वहीत बाराही महिने ६० लिहिलं तर ७२० होतात. हा ३३० रुपयांचा फरक कर्ज घेणारीच्या खिशातून जातो. तो आकडा तुम्ही उच्चारू नका. दोन्ही बेरजा त्यांनाच करू द्या आणि गप्प बसा.

चूक कुठं होते तेही बघून ठेवा. काही जणी चिंचोका आधी उचलतात, मग मोजतात. त्यांचं पहिलं व्याज ५५ येतं आणि एकूण ३३०. काही जणी डब्यातले चिंचोके मोजतात. त्यांचं व्याज दर महिन्याला वाढत जातं. चूक दिसली की दुरुस्त करू नका, "हे पैसे आता कुणाकडं आहेत?" एवढंच विचारा. कर्ज घेणारीकडं आहेत त्यांचंच व्याज, हे त्यांच्याच तोंडून येतं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

हे फार उपयोगाचं आहे. दोन शंका. गट भाषेप्रमाणे करायचे की मिसळायचे? आणि एखादीनं एका महिन्यात फक्त व्याज भरलं, मुद्दल नाही, तर चिंचोक्यांत ते कसं दाखवायचं?

शहापूरचा कट्टा (बेळगाव)

मुद्दल भरलं नाही तर चिंचोका उचलायचा नाही. चौथ्या महिन्यात असं झालं तर सतरंजीवर ९ चिंचोके, व्याज ४५. पाचव्या महिन्यातही तेच ९, पुन्हा ४५. कर्ज एक महिना लांबतं, एकूण व्याज ३९० ऐवजी ४३५. दंडाचा नियम गटागटाचा वेगळा असतो, तो यात मिसळू नका.

गट मिसळा. दोन्ही भाषा येणारी एकेक जण प्रत्येक गटात टाका.

तंबाखूपट्टा (निपाणी)

इथं मला पटत नाही. ३२ जणींचे चौघींचे आठ गट होतात आणि दोन्ही भाषा येणाऱ्या पाच-सहाच आहेत, सगळ्या गटांना पुरणारच नाहीत. शिवाय मिश्र गटात जिची भाषा कमी ती चिंचोके उचलायचं काम करते, हिशेब दुसरी करते. गणित माणूस स्वतःच्या भाषेतच मोजतो. पहिल्या दिवशी भाषेप्रमाणे गट ठेवा: पाच मराठी, तीन कन्नड. दुसऱ्या दिवशी जोड्या मिसळून एकमेकींची वही तपासू द्या. तेव्हा आकडा तयार असतो, भाषा कमी लागते.

सगळ्या गटांना पुढं बोलवून सादरीकरण घेऊ नका. आठ गट, प्रत्येकी तीन मिनिटं, भाषांतर धरून पाऊण तास जातो आणि चौथ्या गटानंतर कुणी ऐकत नाही. प्रत्येक गटाचा कागद भिंतीवर लावा, सगळ्यांनी फिरून बघावं, जिथं आकडा पटत नाही तिथं शेंगदाण्याएवढी खूण करावी. चर्चा फक्त खुणा पडलेल्या कागदांवर. पुढच्या तिघींना तेव्हा काम द्या: खुणा मोजून फळ्यावर लिहिणं. त्यांना गप्प बसवायचं नाही, त्यांचा उत्साह हाताला लावायचा.

कणकुंबीची वाट

जुलैत आपल्या भागात पत्र्यावर पाऊस आला की समोरच्या माणसाचं ऐकू येत नाही. त्यावर ओरडून मात करता येत नाही, दुसऱ्या दिवशी घसा बसतो. पाऊस वाढला की बोलणं थांबवून गटकाम लावायचं, यासाठी दोन लेखी गणितं कायम तयार ठेवा. दुसरं हे घ्या: ४८०० रुपये, ८ हप्ते, महिना २ टक्के. चिंचोका ६०० चा, त्याचं व्याज १२. पहिला हप्ता ६९६, तिसरा ६७२, एकूण व्याज ४३२. चिंचोक्याची किंमत बदलली की पाठ केलेला "पाचानं गुणा" चालत नाही, खरं कळलंय का ते दिसतं. प्रोजेक्टरवर भिस्त ठेवू नका.

बसायला दोन रांगांचा घोड्याचा नाल, प्रत्येकीत १६, मध्ये तुम्हाला चालायला जागा. जेवणानंतरची वेळ चिंचोक्यांना द्या, भाषणाला नको. शक्ती योजनेमुळं (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) बऱ्याच जणी सरकारी बसनंच येणार, तेव्हा शेवटच्या सोयीच्या बसआधी ४० मिनिटं काम संपवा. एकीनं पिशवी उचलली की सगळं सत्र उठतं.

पहिल्या दिवशी सकाळी आल्या आल्या बिननावाच्या चिठ्ठीवर एकच गणित द्या: ६००० च्या कर्जाचा तिसरा हप्ता किती? उत्तर ५५०. दुसऱ्या दिवशी जाताना ४८०० च्या कर्जाचा तिसरा. दोन ढीग शेजारी ठेवून बरोबर आलेल्या मोजा.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आठ गटांना ९६ चिंचोके लागतील, ११० घेते. गट पहिल्या दिवशी भाषेप्रमाणे, दुसऱ्या दिवशी मिश्र जोड्या. शब्दांचा कागद कन्नड शाळेतल्या शिक्षिकेकडून तपासून घेते. चिठ्ठ्यांचे आकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथंच टाकते.