फाउंड्रीत आरोग्याची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) चाळीस कामगार आहेत. मालक योगवर्ग सुरू करा म्हणतात. मला मात्र पाळी सुटताना धुळीने राखाडी झालेल्या भुवया पाहून काळजी वाटते. आधी काय करावे?

उत्तर : योग चांगलाच, पण आधी धूळ आवरावी. वाळूतल्या सिलिकायुक्त बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही, म्हणून फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) जागी धूळ खेचणारी यंत्रणा बसवावी आणि हवेच्या नळीने कपडे झटकणे आजच थांबवावे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

दुसरे उत्तर : भट्टीजवळ पिण्याचे पाणी हवेच. वेतनमर्यादेतील प्रत्येकाची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी झाली आहे का, तेही तपासावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. हवेच्या नळीबाबतची सूचना उद्याच कन्नड व मराठीत लावतो.