विषय: [मंडळ] हुजूरपागा फोटो: नावं माहेरची की सासरची? (आज रात्रीपर्यंत!!)

मंडळी,
प्रदर्शनातल्या फोटोंखालच्या नावांच्या पाट्यांची फाईल उद्या सकाळी छपाईला जाते आहे. आपल्या शाळेच्या, हुजूरपागेच्या, ७२ च्या अकरावीच्या फोटोत ३९ जणी आहेत, २६ नावं लागली. घोडं तिथेच अडलंय: माहेरचं नाव लिहायचं की सासरचं? परवा फोनवर ठरलेलं कालपासून पुन्हा फिरलंय. एका शब्दात उत्तर द्या, निबंध नकोत.
– प्रदर्शनवाली

---

दोन्ही लिहा म्हणणाऱ्यांसाठी: पाटी आठ इंचांची आहे. दोन्ही घातली तर अक्षर मुंगीएवढं होईल. पाडव्याला देणगीदारांच्या पाटीचं काय झालं ते आठवतंय ना? पुन्हा छपाईचे पैसे मिळणार नाहीत.
– खजिनदार

---

माहेरचं. एक शब्द झाला, आता निबंध.

बाई हजेरी घ्यायच्या ते नाव त्या मुलीचं. दाखल्यावर तेच, बक्षिसाच्या पुस्तकावर तेच. माझं तर लग्नात पहिलं नावही बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून. उद्या माझ्या नातीनं शाळेत जाऊन आत्ताच्या नावानं चौकशी केली तर कारकून म्हणेल, अशी मुलगी इथे नव्हतीच. आणि खरंच नव्हती. पानशेतच्या पुरात (१२ जुलै १९६१) आमच्या नारायण पेठेतल्या घरातला एकूण एक फोटो गेला. शाळेत असल्याचा माझ्याकडचा पुरावा म्हणजे मैत्रिणीकडे राहिलेला एक वर्गाचा फोटो, आणि त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं माझं माहेरचं नाव. सासरचं असतं तर मलाच मी सापडले नसते.
– ६३ ची

---

ताई, मान्य आहे. पण रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. मोठ्या फलकावर आपण त्यांना यमुना म्हणणार का? हिराबागेत गव्हर्नर फर्ग्युसनसमोर मुलींच्या हायस्कूलसाठी इंग्रजीतून निवेदन वाचलं ते रमाबाई म्हणून, आणि त्यापायी घरच्या बायकांची बोलणी खाल्ली तीही रमाबाई म्हणूनच. माणूस ज्या नावानं ओळखलं जातं ते लिहावं.
– जावई (शाळेचा नव्हे, शाळेच्या मुलीचा)

---

जावईबापू, रमाबाई त्या वर्गफोटोत नाहीत. तुमचा मुद्दा फलकाचा, आमचा पाटीचा.

आणि फलकाचा विषय निघालाच आहे तर: वर 'पुण्यातली मुलींची पहिली शाळा' कोणी घातलं? भिडेवाड्यातली फुल्यांची शाळा १८४८ ची. आपली १८८४ ची, म्हणजे ३६ वर्षांनंतरची. आपलं मोठेपण हायस्कूलचं आहे. मुलींना चार बुकं शिकवून घरी पाठवायचं नाही, पुढे न्यायचं, हा रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांचा हट्ट होता. तेवढंच लिहा, पुरेसं आहे. 'पहिली' काढा, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी कोणीतरी मायक्रोफोनवर काढेल.
– माजी अध्यक्षा

---

फलकाचा मजकूर इतिहास समितीनं मागच्या महिन्यातच मंजूर केला होता. तेव्हा कोणी बोललं नाही. असो, 'पहिली' काढतो.

मात्र टिळकांनी 'मराठा' साप्ताहिकातून शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली होती, ती ओळ राहणार. 'समारंभात कशाला' असे तीन फोन आले. इतिहास म्हणजे नुसता हारतुऱ्यांचा फोटो नव्हे.
– इतिहास समिती

---

ती ओळ राहू दे. आमच्या आजीला शाळेत घालताना पणजोबा आणि त्यांचे भाऊ सहा महिने बोलत नव्हते म्हणे. भांडण घरोघरी होतं, ते कळायला नको का?

नावांबद्दल माझं मत नाही. माझं दोन्हीकडे एकच आहे :)
– ८१ ची

---

नावांवर या!! आत्तापर्यंत माहेर ११, सासर ४, 'काहीही चालेल' २.

आणि पुन्हा एकदा सांगते, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तिथे फोटो लहान होतो, चेहरे पुसट येतात. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, टिफ फाईल ठेवा, ड्राईव्हवर टाका. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा, त्यातच खरा माल असतो. बॉलपेननं नवीन काही लिहू नका, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.
– प्रदर्शनवाली

---

टिफ फाईल माझ्याकडे उघडत नाही. मुलगा शनिवारी येणार आहे.
– ६३ ची

---

ताई, मी आज संध्याकाळी येते स्कॅनर घेऊन. चहा ठेवा.

तोडगा सुचवते. पाटीवर फक्त हजेरीतलं नाव. फोटोशेजारी दोरीनं बांधलेली एक वही, त्यात ज्याला त्याला आत्ताचं नाव, गाव, कोण कुणाची बहीण ते लिहू दे. वही नंतर स्कॅन करून शाळेलाच देऊ. उरलेली १३ नावंही अशीच लागतील, आपल्या ईमेलनं लागणार नाहीत.
– ८१ ची

---

वहीची कल्पना २०१४ च्या संमेलनात आम्हीच मांडली होती. तेव्हा 'गर्दी होईल' म्हणून नाकारली गेली. नोंद असावी.
– माजी अध्यक्षा

---

नोंद घेतली. वही + पेन्सिली चालतील, जुन्या स्पर्धेतल्या पडून आहेत. पाटी एकाच नावाची, आठ इंच, ठरलं.

मागच्या रांगेत डावीकडून तिसरी 'अनोळखी' लिहिली आहे, तिच्याबद्दल आमच्या घरून निरोप: ती धाकटी मावशी आहे, आणि ती हे वाचते आहे, आणि ती चिडली आहे.
– खजिनदार

---

मावशींचं माहेरचं नाव पाठवा. रात्री दहाच्या आत.
– प्रदर्शनवाली