'काळी मडकी गोदामात टाका' म्हणणाऱ्यांसाठी

खापरपणजोबा:
परवा भटक्या_बाणेर यांनी इटलीच्या सहलीवर लिहिलं. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयाबद्दलचं त्यांचं मत थोडक्यात असं: कपाटामागून कपाट नुसती काळी एट्रुस्कन (रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांची) मडकी, सगळी सारखी, ग्रीकांची नक्कल. दोन-चार ठेवा, बाकी गोदामात हलवा आणि रंगीत ग्रीक भांड्यांना ऐसपैस जागा द्या. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. मी तिथंच उत्तर देणार होतो, पण ते लांबत गेलं आणि रागही शांत होईना, म्हणून हा वेगळा धागा.

आधी नक्कल कुणी कुणाची केली ते बघू. निकोस्थेनीस हा इ.स.पू. सहाव्या शतकातला अथेन्सचा कुंभार. रुंद पट्टीसारखे दोन चपटे कान आणि अंगावर उठवलेल्या कडा असा एक घाट त्याच्या नावाने ओळखला जातो. हा घाट ग्रीकांचा नाहीच! चेर्वेतेरी या एट्रुस्कन गावच्या बुक्केरोचा, म्हणजे याच काळ्या भांड्यांचा, घाट उचलायचा, त्यावर ग्रीक चित्रं काढायची आणि माल परत एट्रुस्कन गिऱ्हाइकालाच विकायचा, असा हा धंदा. ही भांडी सापडतात तीही मुख्यतः चेर्वेतेरीच्या थडग्यांत. त्याचीच भाकरी त्यालाच तूप लावून विकली, आणि आपण म्हणतो भाकरीवाला नकलाकार.

आता 'रंगीत ते भारी' हे कुठून आलं? अठराव्या शतकात इटलीतल्या थडग्यांतून निघणारी ग्रीक भांडी लोक एट्रुस्कनच समजायचे. वेजवुड या इंग्रज कुंभाराने १७६९ साली आपल्या कारखान्याचं नाव 'एट्रुरिया', म्हणजे एट्रुस्कनांचा प्रदेश, असं ठेवलं ते याच समजुतीतून. पुढे १८२८ पासून वुल्ची या एट्रुस्कन गावी नेपोलियनच्या भावाच्या, ल्युसिअन बोनापार्टच्या जमिनीत हजारो चित्रांची भांडी निघाली आणि युरोपभर विकली गेली. आणि काळी? जॉर्ज डेनिस या इंग्रजाने १८४८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात वुल्चीचं खोदकाम डोळ्यांनी पाहून लिहिलंय. खड्ड्याच्या तोंडाशी मुकादम बंदूक घेऊन बसलेला. बिनचित्राचं काळं भांडं निघालं की मजूर ते पायाखाली चुरडणार, कारण बाजारात किंमत नाही आणि वरून तसा हुकूमच. डेनिसने त्यातली काही वाचवायची विनवणी केली, तर मुकादमाने एकही दिलं नाही.

भटक्याराव, तुमची सूचना याच मुकादमाची आहे. फक्त बूट काढून केलेली.

भटक्या_बाणेर:
बंदूकवाला मुकादम! घ्या, सहलीचं वर्णन लिहिलं तर ही पदवी मिळाली. अहो, जुलैचं ऊन, बायकोचे गुडघे आणि टूरवाल्याने दिलेली पन्नास मिनिटं. सामान्य माणसाला तिसऱ्या कपाटानंतर काळं ते काळंच दिसतं. संग्रहालय तुमच्यासारख्या चार जणांसाठी असतं की तिकीट काढणाऱ्या चारशेंसाठी? निकोस्थेनीसचं माहीत नव्हतं, तो एक गुण तुमचा. बाकी लेख मी मागे घेत नाही.

चाकावरचा:
काळं ते काळंच म्हणणाऱ्याने एकदा आवा लावून बघावा.

आमच्या घरी संक्रांतीची काळी सुगडं व्हायची. आवा लालबुंद झाला की वडील वरून ओला पाला नि भुसा टाकून सगळं चिखलाने लिंपायचे आणि धूर आत कोंडायचे. एक फट राहिली की त्या बाजूचा माल तपकिरी. एका वर्षी सणाच्या चार दिवस आधी अर्धा आवा असा गेला. आई ती सुगडं घेऊन बाजारात बसली, बायका हातात घेऊन परत ठेवायच्या. त्या रात्री वडील जेवले नाहीत.

बुक्केरोचं मर्म तेच. मातीत लोह असतं, हवा मिळाली तर भांडं लाल, कोंडलं तर काळं. वरून रंग नाही, फुटलं तरी आत काळंच निघतं. त्यात चेर्वेतेरीची इ.स.पू. सातव्या शतकातली भांडी इतकी पातळ की धातूचीच वाटावीत, आणि भाजण्याआधी घोटून आणलेली चकाकी वेगळीच. पुढच्या शतकात क्यूझी गावाकडे जाड, ठशांनी नक्षी उठवलेला माल निघाला. तो मला आवडत नाही, पण तो वेगळा आहे हे तरी दिसावं. चित्रकाराचं कौतुक करताना कुंभाराला विसरायची खोड जुनीच आहे, रोमला जायची गरज नाही.

म्युनिकची_मंजिरी:
चाकावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी या धाग्यात कोणाच्याच बाजूने नाही. इथल्या म्युनिकच्या संग्रहातलीही कितीतरी रंगीत भांडी बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने त्या वुल्चीच्या लाटेतच विकत घेतलेली. माझं भांडण फलकांशी आहे. कुठेही जा, 'अथेन्स' ठळक असतं आणि ज्या थडग्यातून निघालं ते गाव बारीक अक्षरात. शिवाय काळ्या भांड्यांवर ओरखडलेला मजकूर कोणी समजावून देतच नाही. ती भांडी स्वतः बोलतात हो! 'मी अमक्याचं', 'मला अमक्याने दिलं'. आणि 'मी'साठी शब्द काय, तर 'मि'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मूळस्थान:
शेवटी सत्य बाहेर आलंच. मि म्हणजे मी. वडिलांना ते 'अपा' म्हणत, आपण अप्पा. आईला 'अति', आपली आत्या. अजून किती पुरावे हवेत? हे पाठ्यपुस्तकात का नाही, याचं उत्तर द्या.

उकारान्त:
आईची आत्या कधी झाली?

एट्रुस्कन आकडे घ्या: एकला 'थु', दोनला 'झल', तीनला 'कि'. मुलगा 'क्लान', मुलगी 'सेख'. जुळवा बघू. ही भाषा आपल्या भाषाकुळातली नाहीच. तिचं नातं लागतं ते एजियन समुद्रातल्या लेम्नोस बेटावरच्या लेखांशी आणि आल्प्सकडच्या रेतिक या जुन्या भाषेशी. आई-बापांना ओठावर पटकन येणारे शब्द जगभर सारखे निघतात. आणि 'मी' तर इंग्रजीतही आहे, मग इंग्रज काय साताऱ्याचे?

मूळस्थान:
आपलं काही थोर निघालं की तुमच्यासारख्यांच्या पोटात दुखतं. ती भाषा अजून कोणाला वाचताच येत नाही, मग 'नाहीच' कसं म्हणता?

उकारान्त:
वाचता येते! लिपी ग्रीकांकडून घेतलेली, उच्चार कळतात. अर्थ मोजक्याच शब्दांचे कळतात, ही अडचण आहे. मृत भाषांच्या व्याकरणात उमेदीची सहा वर्षं घातली आहेत मी, मामा अजून विचारतात 'पण नोकरी कसली?'. त्यामुळे पोटदुखीचं निदान जरा जपून करा. न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात बुक्केरोचा वीतभरही नसलेला कोंबडा आहे, त्याच्या पोटावर वर्णमालेची २६ च्या २६ अक्षरं कोरलीत. जाऊन वाचा.

मूळस्थान:
कोंबड्यावर अक्षरओळख, आणि म्हणे आपला संबंध नाही.

खापरपणजोबा:
धागा मडक्यांचा होता हो. कोणी परत आणेल का?

म्युनिकची_मंजिरी:
मेट्रोपोलिटनचं नाव निघालंच आहे तर आणते. ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडनचं प्रेत उचलून नेणारे निद्रा आणि मृत्यू ज्याच्यावर आहेत, ते युफ्रोनिओस या ग्रीक चित्रकाराने रंगवलेलं भांडं त्यांनी १९७२ साली १० लाख डॉलरला घेतलं. १९७१ साली चोरांनी चेर्वेतेरीचं थडगं फोडून काढलेलं. इटलीला परत मिळायला २००८ उजाडलं, आता ते चेर्वेतेरीच्या संग्रहालयात आहे. त्या थडग्यात शेजारी काय होतं, कसं मांडलं होतं, ते मात्र कायमचं गेलं. बिनचित्राच्या भांड्यांसाठी कोण चोर हमाली करतो?

भटक्या_बाणेर:
बरं बाई, समजलं. म्हणजे गोदाम नको, चोर नको, मुकादम तर मीच. 'नक्कल' हा शब्द काढतो. 'कंटाळा आला' मात्र ठेवतो, तो माझा स्वतःचा आहे आणि ग्रीकांकडून घेतलेला नाही.

चाकावरचा:
ठेवा की. मला एवढंच सांगा, त्यातल्या एखाद्या पातळ प्याल्याचा आतल्या बाजूचा फोटो आहे का? तळाशी बोटांच्या रेघा राहिल्यात की घोटून काढल्यात ते बघायचंय.

भटक्या_बाणेर:
एक आहे. काचेत मीच जास्त दिसतोय, पण डाव्या कोपऱ्यात आडवा कललेला प्याला आहे. मोठा करून पाठवतो. रेघा आहेत असं वाटतंय बुवा.