गुरूच्या चंद्रावरून व्हिडिओ कॉल, आणि म्हणे शाळेच्या पोरांना दाखवा!

उल्का_करवीर
परवा इथं एकानं लिहिलं की गुरूच्या चंद्रावरचा तो नवा सिनेमा म्हणजे 'विज्ञानाचा जिवंत धडा', प्रत्येक शाळेनं पोरांना नेऊन दाखवावा. त्याखाली अंगठ्यांचा पाऊस. मी गप्प बसणार होतो, पण 'शाळेनं' वाचलं आणि डोकं फिरलं. लांबलचक होणार आहे, ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढं जावं.

नायक युरोपाच्या, म्हणजे गुरूच्या त्या चंद्राच्या, बर्फावर उभा आहे. पृथ्वीवरची पोरगी व्हिडिओ कॉलवर 'बाबा' म्हणते, हा लगेच 'बोल बाळा'. अहो, गुरू जवळात जवळ असला तरी तिथून संदेश यायला ३३ मिनिटं लागतात, लांब गेला की ५४. याचं 'बोल बाळा' पोचेपर्यंत पोरगी जेवून झोपली असती. आणि माझा राग चुकीवर नाहीच. राग यावर आहे की गोष्ट त्या उशिरातच होती, ती यांनी फेकून दिली. बापानं विचारायचं, उत्तराला तास-दीड तास वाट बघायची, आणि ते येईपर्यंत आपण असू का नसू हे त्यालाच ठाऊक नाही. याहून मोठं नाट्य कुठलं हवंय? पण नको. त्यांना दोघांचे रडके चेहरे एका पडद्यावर हवेत.

युरोपावर वजन इथल्या सातव्या हिश्श्याइतकंसुद्धा भरत नाही, आणि हा गडी रंकाळ्यावर सकाळी फिरायला आल्यागत चालतोय. यान फुटतं तेव्हा धडामधूम. निर्वातात आवाज कोण पोचवतो? १९६८ साली, माणूस चंद्रावर उतरायच्या आधी, '२००१: अ स्पेस ओडिसी'त बाहेरचं अंतराळ गप्प ठेवलं होतं. ऐकू यायचा तो फक्त माणसाचा श्वास. एवढ्या वर्षांत आपण पुढं आलो का मागं गेलो?

मी करवीर नगर वाचन मंदिरातल्या विज्ञानकथा वाचून वाढलो. नारळीकर याच गावात जन्मले, १९३८ साली. त्यांच्या कथेतलं विज्ञान काढून घ्या, कथाच उभी राहत नाही. या सिनेमातलं काढून घ्या, काही फरक पडत नाही. बर्फाऐवजी वाळवंट घाला, तीच रडारड.

जाता जाता एक. झडप उघडली, गडी बाहेर पहिलं पाऊल टाकणार, आणि पडद्यावर 'मध्यंतर'. पाठोपाठ समोशाची जाहिरात. ज्यानं सिनेमा बनवला त्यानं ठेवलेलंच नाही ते मध्यंतर आपले थिएटरवाले कापून घालतात. असो, तो वेगळा विषय.

पेठेतला_पिंट्या
भावा, सिनेमा बघायला गेलतास का पेपर तपासायला? आपला हिरो एका बुक्कीत दहा जण उडवतोय तवा तुला न्यूटन आठवत न्हाई. इंग्रजी सिनेमा आला की लगेच वही काढतोस. मला तर लई आवडला. यान फुटतंय तवा खुर्ची हादरली, पैसे वसूल. आवाजच नसता तर मी मोबाइल बघत बसलो असतो.

उल्का_करवीर
पिंट्या, दहा जण उडवणाऱ्या सिनेमाला कुणी 'विज्ञानाचा धडा' म्हणत नाही. हा स्वतःच तसं म्हणवून घेतोय, म्हणून पेपर तपासला. आणि ऐक, 'युरोपा क्लिपर' हे खरं यान १४ ऑक्टोबर २०२४ ला सुटलंय, मंगळाच्या आणि पृथ्वीच्या ओढीचा धक्का घेत २०३० साली गुरूपाशी पोचणार. यांचा नायक पोचला अडीच महिन्यांत. आपली एसटीसुद्धा असं वेळापत्रक छापत नाही.

ग्रहगणित
अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तुमचे मुद्दे बरोबर आहेत, पण सगळ्यात मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटली. युरोपा गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यात आहे. तिथं पृष्ठभागावर दिवसाला साधारण ५.४ सिव्हर्ट (अंगावर बसणारा किरणोत्सार मोजायचं एकक) एवढा मारा होतो. ४ ते ५ सिव्हर्ट एकदम अंगावर आले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. आणि हा बाबा पाच दिवस बर्फावर हिंडून परत येतो, केससुद्धा जागेवर! खरं क्लिपरसुद्धा युरोपाभोवती फिरत बसणार नाही. गुरूभोवती लांब फेऱ्या मारत ४९ वेळा युरोपाला जवळून हुलकावणी देणार आहे, ते याच माऱ्यापायी.

सूट फाटल्यावर तो सहकारी क्षणात बर्फाचा पुतळा होतो, तेही खोटं. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वातकक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली होती. साधारण १४ सेकंदांत तो बेशुद्ध पडला. शेवटचं त्याला आठवत होतं ते जिभेवरची लाळ उकळतेय, हे. लगेच हवा आत सोडली आणि माणूस धडधाकट बाहेर आला.

पण शाळेनं दाखवू नये, हे मला पटत नाही. माझ्या वर्गातली पोरं प्रवेशपरीक्षेचे चार पर्याय सोडून कशाकडं बघत नाहीत. क्लासवाले त्यांना सूत्र पाठ करून देतात, आणि 'प्रकाशाला वेळ लागतो' म्हणजे नक्की काय, हे विचारलं की माझ्याकडं टकामका बघतात. अशा पोरांना हा सिनेमा दाखवून चुका काढायला लावल्या तर काय बिघडलं?

उल्का_करवीर
वा सर! म्हणजे नासका आंबा मुद्दाम विकत घ्यायचा, कीड कशी दिसते ते पोरांना कळावं म्हणून.

गडहिंग्लजची_सून
उल्कादादा, तुमचं ते उशिरातलं नाट्य वाचलं आणि राहवलं नाही. माझे मिस्टर फौजेत होते. लग्न झालं तेव्हा गावात फोन एकच, तोही पोस्टात. पाकिटावर '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता, लिहायचं आणि पंधरा-वीस दिवस वाट बघायची. मुलाला ताप भरला म्हणून मी पत्र लिहिलं. 'डॉक्टरला दाखव, घाबरू नको' असं त्यांचं उत्तर आलं तेव्हा पोरगं अंगणात गोट्या खेळत होतं. मी ते पत्र हातात धरून हसले, आणि मग मला इतका राग आला त्यांचा, की विचारू नका. त्यांची काहीच चूक नव्हती.

तुम्हाला त्या वाट बघण्यात नाट्य दिसतं, कारण तुम्ही ती पुस्तकात वाचलीय. मी थिएटरात बसले होते तेव्हा त्या पोरीला बापाचं उत्तर लगेच मिळालं आणि माझ्या डोळ्याला धार लागली. खोटं असेल. मला ते खोटंच हवं होतं.

पेठेतला_पिंट्या
आता बोला की सायंटिस्ट.

उल्का_करवीर
वहिनी, तुमच्यापुढं माझी ३३ मिनिटं फिकी पडली, मान्य. पण आत्ता तुम्ही चार ओळींत जे सांगितलंत ना, उत्तर आलं तेव्हा पोरगं गोट्या खेळत होतं, तोच सिनेमा मला बघायचा होता! तो बनवायला यांना इतके कोटी मिळाले आणि यांनी व्हिडिओ कॉल दाखवला. तुम्ही माझ्या विरोधात लिहिलंय असं तुम्हाला वाटतंय, मला नाही वाटत.

गडहिंग्लजची_सून
म्हणजे माझं रडणंही तुमच्याच बाजूचं? कमाल आहे बाई.

पुणेकर_नाइलाजाने
नारळीकर कोल्हापूरचे? जन्मापुरते. शिकले बनारसला आणि केंब्रिजला, नोकरी मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली पुण्यात. तुमच्या गावानं केलं काय?

पेठेतला_पिंट्या
जन्म दिला की. अजून काय पाळणा हलवायला पुण्याला यायचं होतं काय?

पडद्यामागून
आमचं घराणं थिएटरच्या धंद्यातलं, म्हणून मध्यंतरावर बोलतो. पहिल्या आठवड्यात तिकिटातला निम्म्याच्या आसपास वाटा वितरक घेऊन जातो. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. उरलं त्यात वीजबिल, एसी, पोरांचे पगार. समोसा आणि पॉपकॉर्न यांचा पैसा तेवढा आमचा. मध्यंतर काढून टाका म्हणणाऱ्यांनी थिएटरही काढून टाका म्हणावं, म्हणजे सरळ होईल. तुम्ही मग घरी टीव्हीवर बघा तुमची निर्वातातली शांतता, खाली गल्लीत डीजे चालू असताना.

उल्का_करवीर
धंदा करा हो, कोण नको म्हणतंय? पण कुठं कापायचं याला काही अक्कल? झडप उघडताना? आणि पाण्याच्या बाटलीला जो भाव लावता त्यात माझं आठवड्याचं पेट्रोल निघतं. बाहेरचं पाणी आत नेऊ देत नाही, पिशवीतून काढून घेतात, वर वॉचमन माझ्याकडं असा बघतो की मी बॉम्ब आणलाय.

पडद्यामागून
आठवड्याचं पेट्रोल? गाडी चालवता का नुसती पुसता? मागच्या आठवड्यात एकानं डब्यातून सुकं मटण आत नेलं, खुर्चीचं कापड बदलावं लागलं. त्याचे पैसे तुम्ही देता?

पेठेतला_पिंट्या
कुठल्या थिएटरात ओ? न्हाई, सहज विचारलं.

जुना_ऑपरेटर
नमस्कार मंडळी. नातवानं टाइप करून दिलंय. मी केबिनमध्ये मशीन चालवायचो, डिजिटल आलं तोवर. कुठं कापायचं ही अक्कल आम्हाला होती, म्हणून चार शब्द.

इंग्रजी सिनेमा दीड-पावणेदोन तासाचा यायचा, त्याला मध्यंतर नसायचं. ते मी ठरवायचो. बाई दाराची कडी काढतेय, बाहेर कोण आहे ते दिसलं नाही, तिथं लाइट लावायची. लोक चहा पिताना पण तेच बोलायचे आणि एकजण घरी जायचा नाही. तेव्हा उल्कासाहेब, झडपेवर कापणारा माणूस धंद्यात मुरलेला आहे.

आमच्या वेळी दोन मशिनं. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये जाळ पेटायचा, त्याचा उजेड पडद्यावर. कांड्या जळत जायच्या, त्या हातानं पुढं सरकवत राहायचं, नाहीतर चित्र पिवळं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, पुढच्या ठिपक्याला बदल. कधी एकच प्रिंट दोन टॉकीजला असायची. पोरगं सायकलवरनं रिळं पोचवायचं. गणपतीची मिरवणूक आडवी आली की पोरगं अडकायचं, आणि मध्यंतर लांबायचं. पब्लिकला वाटायचं, मालक समोसे खपवतोय.

आता आवाजाचं. खाली आवाज गेला की आधी शिट्ट्या, मग आईवरनं शिव्या, मग चप्पल. एकदा असाच अंतराळाचा इंग्रजी सिनेमा लागला होता. मधेच सगळं शांत. मॅनेजर जिना चढून धापा टाकत वर, 'स्पीकर गेला काय रे?' मी तारा हलवून बघितल्या, काही नाही. मग आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. पुढच्या सीनला यानाच्या आतला भोंगा वाजला, आणि बाल्कनीतल्या एका बाईचं पोर जे रडायला लागलं ते सिनेमा सुटेपर्यंत. ती शांतता मुद्दाम होती हे मला आज तुमचं वाचून कळलं.

उल्का_करवीर
काका, एक नंबर. पण यावरून एवढंच दिसतं की पब्लिकला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मध्यंतराचं म्हणाल तर थोर सिनेमे सलगच बघायचे असतात.

ग्रहगणित
तुमच्या त्या लाडक्या १९६८ च्या सिनेमाला मध्यंतर होतं. थिएटरवाल्यानं घातलेलं नव्हे, बनवणाऱ्यानंच ठेवलेलं. यानावरचा संगणक दोघा अंतराळवीरांचे ओठ वाचतो, आणि तिथंच कापलंय.

पेठेतला_पिंट्या
😂😂 समोसा जिंकला.

उल्का_करवीर
त्यानं स्वतः ठेवलं होतं, हेच तर म्हणतोय मी! स्वतः ठेवणं वेगळं आणि दुसऱ्यानं कात्री लावणं वेगळं. सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?

ग्रहगणित
पोरांच्या. शनिवारी सकाळच्या खेळाला अकरावीची तुकडी नेतोय. पाच दिवसांत नायकाला एकूण किती सिव्हर्ट बसले आणि तो कितव्या दिवशी मरायला हवा होता, हा गृहपाठ. तुम्ही या. आवाज कुठं कुठं खोटा आहे ते पोरांना तुम्ही सांगा.

उल्का_करवीर
त्या सिनेमाला मी परत पैसे देणार नाही.

ग्रहगणित
तिकीट माझ्याकडून.

उल्का_करवीर
...किती वाजता?

पडद्यामागून
सर, तुकडी म्हणजे साठेक पोरं धरू का? तिकिटात सवलत माझ्या हातात नाही, समोशात देतो. शुक्रवारी दुपारपर्यंत आकडा कळवा, तेल त्या अंदाजानं आणायला लागतं.