मदत हवी आहे: स्वप्नांतला स्त्री-पुरुष फरक कसा मोजायचा?

मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी कॉलेजच्या मुलामुलींची स्वप्नं लिहून घेतेय. हॉल आणि व्हॅन डी कॅसल या अमेरिकी स्वप्नसंशोधकांनी १९६६ मध्ये दिलेली, स्वप्नांत काय काय येतं त्याची कोष्टकं तुलनेला घेतली आहेत: १०० मुलगे, १०० मुली, प्रत्येकाची पाच स्वप्नं. त्यात मुलांच्या स्वप्नांतली साधारण ६७ टक्के पात्रं पुरुष, मुलींच्या स्वप्नांत मात्र दोन्ही जवळपास निम्मी. मारामारीही मुलांकडेच जास्त.

अडचण अशी की मुली स्वप्नं लांबलचक लिहितात, मुलं दोन ओळींत उरकतात (काही तर 'पळत होतो' एवढंच!). मग नुसती पात्रं मोजून काय उपयोग? शब्दसंख्येने भागावं, की ५० शब्दांखालची स्वप्नं सरळ वगळावीत? कुणी असं काम केलंय का?