स्टोरेजच्या कोटेशनमधलं एचबीए, एसएफपी, लन... नक्की काय काय असतं हे?

नवाभिडू
नमस्कार मंडळी, डिप्लोमा करून एका कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये लागलोय, आत्तापर्यंत डेस्कटॉप, प्रिंटर, वायफाय एवढंच बघत होतो. आता स्टोरेज घ्यायचंय, वेंडरचं कोटेशन आलंय आणि आमचे सर म्हणाले तूच वाच आणि सांग. त्यात ड्युअल पोर्ट १६जी एफसी एचबीए २ नग, १६जी एसडब्ल्यू एसएफपी ८ नग, ओएम३ एलसी-एलसी पॅचकॉर्ड ६, एफसी स्विच २, ड्युअल कंट्रोलर स्टोरेज ४ एफसी पोर्टवालं, आणि वर एक १२जी एसएएस एचबीए वेगळाच. सर्व्हर दोन मग एचबीए तीन कशाला? शिवाय खाली सर्व्हिस चार्जमध्ये झोनिंग, लन मॅपिंग असं लिहिलंय. गूगल केलं तर एका शब्दाच्या अर्थात चार नवे शब्द निघतात. आम्हाला खरं तर एवढंच हवंय की विद्यार्थ्यांच्या फाइलींचा एकच फोल्डर दोन्ही सर्व्हरना दिसावा. एकच लन दोन्हीकडे जोडला की झालं ना?

रॅकमागचा
सर्व्हरपासून डिस्कपर्यंत केबलच्या मागे मागे जा म्हणजे सगळे शब्द वाटेत भेटतात. एफसी म्हणजे फायबर चॅनल, सर्व्हर आणि स्टोरेज जोडायचं खास नेटवर्क. सर्व्हरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं ते कार्ड म्हणजे एचबीए, होस्ट बस अडॅप्टर. दिसायला नेटवर्क कार्डासारखंच पण विंडोज लिनक्सला ते डिस्क कंट्रोलर म्हणून दिसतं. त्याच्या तोंडात बोटाएवढं धातूचं मॉड्यूल सरकवतात ते एसएफपी, विजेच्या सिग्नलचा लेझर करायचा आणि आलेल्या लेझरचा परत सिग्नल, बाकी काही नाही. एसडब्ल्यू म्हणजे शॉर्टवेव्ह, ८५० नॅनोमीटर, त्याला मल्टिमोड फायबर लागते, ती तुझी ओएम३, हिरवट निळी असते बघ. १६जी ला ती १०० मीटरपर्यंत चालते त्यामुळे एका रूममध्ये प्रश्नच नाही. हा लेझर डोळ्याला दिसत नाही, तेव्हा लाइट येतोय का म्हणून टोकात डोकावू नकोस, लोक डोकावतात म्हणून सांगतोय. एलसी म्हणजे केबलच्या टोकाचा कनेक्टर, त्याच्या जोडीत एक कोर जाणारी एक येणारी, पोर्टचा लाइट लागत नसेल तर क्लिप उघडून दोन्ही कोर अदलाबदल करून बघ, बऱ्याचदा तेवढंच असतं.

आता कोटेशन मोजू. सर्व्हरचे ४ पोर्ट, स्टोरेजचे ४, सगळे स्विचवर येणार म्हणजे स्विचला ८ एसएफपी, ते बरोबर आहे. पण मग केबली पण ८ लागतात, ६ कशा लिहिल्यात ते विचार. आणि एचबीए नि स्टोरेज एसएफपीसकट येतायत का तेही लिहून घे.

प्रत्येक एफसी पोर्टला कारखान्यातून नंबर येतो तो डब्ल्यूडब्ल्यूएन, ६४ बिटचा, १६ आकडे-अक्षरांचा, क्यूलॉजिकचं कार्ड असेल तर बहुतेक २१:०० ने सुरू होईल, एम्युलेक्सचं असेल तर १०:०० ने. कोणता डब्ल्यूडब्ल्यूएन कोणाला दिसावा हे स्विचवर ठरवणं म्हणजे झोनिंग. स्टोरेजमधून कापून दिलेला तुकडा म्हणजे लन, तो कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते मॅपिंग. कार्डांवरचे स्टिकर बसवण्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेव, नंतर रॅकमध्ये मान घालून वाचता येत नाहीत.

रूट_ताई
वरच्या सगळ्याला +१, पण मूळ प्रश्न राहिला की रे. एकच लन दोन्ही सर्व्हरना जोडून साधी एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ फाइल सिस्टिम केलीस तर डेटाची वाट लागेल. लन म्हणजे नुसते ब्लॉक, डेटाचे कोरे कप्पे, फाइल कुठे आहे त्याचा हिशेब सर्व्हर ठेवतो. दोन सर्व्हर आपापल्या मेमरीत आपापला हिशेब ठेवणार, एकाला दुसऱ्याने काय लिहिलं पत्ताच नाही, आणि गंमत म्हणजे पहिले काही दिवस सगळं व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं. व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, लिनक्सची जीएफएस२ असल्या क्लस्टरवाल्या फाइल सिस्टिम त्यासाठीच आहेत, पण तुला त्या भानगडीत पडायची गरज नाही. फोल्डरच शेअर करायचाय ना, ते काम नॅसचं, म्हणजे नेटवर्कवर फाइली देणाऱ्या स्टोरेजचं. तिथे फाइलींचा हिशेब तो डबाच ठेवतो, सर्व्हर फक्त एसएमबी किंवा एनएफएस या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलने मागतात, तुमच्या नेहमीच्या इथरनेटवरून. सॅन, म्हणजे हे एफसीवालं स्टोरेज नेटवर्क, घेतलंच असेल तर लन एकाच सर्व्हरला दे आणि तिथून शेअर कर.

नवाभिडू
बापरे, ताई वाचवलंत. मग एफसी कशाला लावलंय वेंडरने?? आणि तो तिसरा एचबीए?

रूट_ताई
डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशिनी चालवणार असाल तर एफसीला अर्थ आहे. नुसत्या फाइलींसाठी दोन एफसी स्विच म्हणजे मला तरी उधळपट्टी वाटते. ब्लॉकच हवे असतील तर आयस्कझी बघा, तेच स्कझीचे, म्हणजे डिस्कशी बोलायचे, कमांड टीसीपीमध्ये घालून ३२६० पोर्टवरून जातात, १०जी इथरनेट स्विच पुरतो.

रॅकमागचा
मी एवढं म्हणणार नाही, एफसी एकदा लागलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. पण फाइल शेअरिंगला नको, हे खरं. आणि घेतलंच तर दोन्ही स्विच एकमेकांना जोडू नका, प्रत्येक सर्व्हरचा एक पोर्ट एका स्विचला, दुसरा दुसऱ्याला. तेव्हा एकच लन चार डिस्क म्हणून दिसेल, घाबरून चारही फॉरमॅट करत बसू नकोस, चार वाटा आहेत त्या, मल्टिपाथ चालू केलं की एक होते.

तिसरा एचबीए बॅकअपच्या टेप ड्राइव्हसाठी असणार. एसएएस म्हणजे डिस्क-टेप थेट जोडायची पद्धत, तिला इथे स्विच-बिच लागत नाही, कार्डातून सरळ ड्राइव्हला केबल. त्याच्या जागी रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करणारं) खपवत असतील तर घेऊ नको, टेपला साधा एचबीएच बरा.

नवाभिडू
हो हो, एलटीओ टेप ड्राइव्ह आहे खाली, मला वाटलं ती यूएसबीने लागते 😅

रॅकमागचा
मग ड्राइव्हच्या मागचं सॉकेट कुठलं ते विचार. १२जी कार्डाला बाहेरून एसएफएफ-८६४४ असतं आणि बऱ्याच ड्राइव्हना अजून जुनं ८०८८, तसं असेल तर एका टोकाला हे नि दुसऱ्या टोकाला ते अशी केबल लागते, आणि तुझ्या यादीत एसएएस केबलच दिसत नाहीये.