लॅबचे ४५ पीसी, टाइम सर्व्हर उत्तरच देईना

लॅबवाला:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लॅबमध्ये ४५ पीसी आहेत, सगळ्यांवर उबंटू. घड्याळं मागेपुढे व्हायची म्हणून मी सगळ्यांत क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) टाकला, दर मिनिटाला एनटीपीडेट (टाइम सर्व्हरला वेळ विचारून घड्याळ लावणारी कमांड), पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग या फुकटच्या टाइम सर्व्हरांच्या गटावरून. दोन आठवडे मस्त चाललं आणि आता कधी उत्तर येतं कधी नाही. नेट चालू आहे, वेळ विचारायचं पोर्ट १२३ उघडाय. दुसरा कुठला फुकटचा सर्व्हर सुचवा ना.

रात्रपाळी:
सर्व्हर राहू द्या, आधी तो क्रॉन काढा 😄 बाहेरून तुमचे ४५ च्या ४५ पीसी एकाच आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) दिसतात, म्हणजे दिवसाला ६४,८०० फेऱ्या, त्यात एनटीपीडेट एका फेरीत प्रत्येक सर्व्हरला चार-चार पॅकेट पाठवतं आणि क्रॉनमुळे सगळे बरोब्बर शून्याव्या सेकंदाला एकदम दार वाजवतात. समोरचा रेट लिमिट लावणारच की, म्हणजे फार विचारणाऱ्याला उत्तरं कमी देणार. पूल ही काय कंपनी नाहीये, लोकांनी हौसेने आपापले सर्व्हर त्यात दिलेत, २००३ पासून चाललंय.

लॅबवाला:
पण पॅकेट ते केवढंसं, ४८ बाइटचं! त्याने कुणाचं काय बिघडतं?

टिकटिक:
मे २००३, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठ. त्यांच्या टाइम सर्व्हरवर असल्याच चिमुकल्या पॅकेटांचा लोंढा आला, सेकंदाला लाखोंनी. आधी वाटलं कुणीतरी हल्ला केलाय. निघालं काय तर एका कंपनीच्या घरगुती राउटरांत फर्मवेअरमध्येच (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या सर्व्हरचा आयपी घालून ठेवलेला, आणि उत्तर नाही आलं की दर सेकंदाला परत विचारायचं. म्हणजे पॅकेट अडवली की राउटर अजूनच पिसाळणार. म्हणून आयपी कधी फिक्स करू नका, नावच द्या.

रात्रपाळी:
हां तर उपाय. एका पीसीवर क्रोनी (वेळ जुळवत राहणारा प्रोग्राम) टाका, तो पीसी एकटा इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्गशी, म्हणजे पूलच्या भारतातल्या भागाशी बोलेल, बाकी ४४ त्याच्याकडून वेळ घेतील. कॉन्फिगमध्ये अलाउच्या ओळीत लॅबच्या आयपींची रेंज द्यायला विसरू नका, नाहीतर तो बाकीच्यांना उत्तरच देत नाही, मी एकदा विसरलो आणि अर्धा दिवस फायरवॉललाच शिव्या घालत बसलो. क्रोनी सुरुवातीला ६४ सेकंदांनी विचारतं, घड्याळ स्थिरावलं की १०२४ सेकंदांपर्यंत, म्हणजे साधारण १७ मिनिटांवर जातं. तुमचं घड्याळ किती पळतं ते ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि हळूहळू ओढून जागेवर आणतं, एनटीपीडेटसारखं दर मिनिटाला ढकलत बसत नाही.

सुमाताई:
आमच्या ऑफिसात २०२२ च्या सर्ट-इन (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशानंतर एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) नाहीतर एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी जुळवून घ्यावं लागलं. तिथेही एकच मशीन बाहेर जातं. आणि दादा, एखादा पीसी रोज सकाळी जुनीच तारीख दाखवत असेल तर तो सेलचा प्रॉब्लेम, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बदला.

लॅबवाला:
कालपासून सुरळीत 🙏 जुनी तारीख दाखवणारे खरंच तीन निघाले ताई, सेल आणले. फक्त ज्याला सर्व्हर केलाय तो खिडकीजवळचा पीसी, आणि शिपाईकाका संध्याकाळी पाचला मेन स्विचच पाडतात. सध्या त्यावर 'हात लावू नये' असा कागद चिकटवलाय.